ऐनाच्या ढोलीतला पोपट

पोपट म्हटलं की लोकांना पिंजरा आणि मिरची आठवते. आमच्या रानातला हा पोपट दोन्हींना भीक घालत नाही. चिमणीएवढा जीव, शेपूट नावाला, पाठीच्या टोकाला लालभडक ठिगळ. झोपतो वटवाघळासारखा उलटा लटकून. काटेसावर फुलली की फुलांत चोच खुपसून मध पितो. खालून कोणी मिठू मिठू करत घसा कोरडा केला तरी ढुंकून बघायचा नाही. मला तो आवडतो तो याच माजामुळे.

सिद्धगडाच्या पायथ्याला आमची भातशेती आहे. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून वाळवतात. याला राब म्हणतात. पुरुषांनी झाडावर चढून कोयता चालवायचा, बायकांनी भारे डोक्यावरून वाहून पसरायचे. कुठलं झाड तोडायचं हे मात्र आम्हा बायकांना कधी कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माघात बांधावरच्या ऐनाच्या झाडापाशी मला पोपटाची मादी दिसली. ती पानाची कड चोचीने कातरून लांब पट्टी काढायची आणि पाठीवरच्या लाल पिसांत खोचायची. उडताना निम्म्या पट्ट्या गळून पडायच्या. बाई पुन्हा येऊन कातरायला बसायची. तिचं घरटं त्या ऐनातच होतं, पूर्वी तोडलेल्या फांदीचा खुंट कुजून झालेल्या ढोलीत.

दुसऱ्या दिवशी काका कोयता घेऊन आले. मागे भारे वाहायला आई आणि मी.

"काका, हा ऐन यंदा नाय तोडायचा."

"का गो? दरसाल तोडतो."

"ढोलीत पोपटाचं घर हाय."

काका हसले. "राब कमी पडून रोप पिवळं पडलं तर पोपट खाशील काय?"

माझं डोकं फिरलं. "तोडा मग. पण भारे तुमचे तुमी वाहा. मी नाय उचलणार. आई पण नाय."

आईला मी विचारलंही नव्हतं. डोक्यावरची चुंबळ काढून तिने जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. गावात पुरुषाने राबाचा भारा डोक्यावर घेतलेला कोणी पाहिला नव्हता. काका पुटपुटत दुसऱ्या झाडाकडे गेले. कमी पडलेला राब आम्ही मायलेकींनी रानातला पालापाचोळा गोळा करून भरून काढला. रोप चांगलं हिरवंगार आलं, पण काकांनी ते कबूल केलं नाही.

यंदा पोपट त्या ढोलीत आलेच नाहीत. मी रोज जाऊन बघत होते, वाईट वाटत होतं. ढोली रिकामी आहे हे काकांनाही कळलं. कोयता घेऊन ते ऐनाखाली आले, तेव्हा मी खोडाला पाठ टेकून उभी होते.

"आता तर कोणी नाय हितं," ते म्हणाले.

"मी हाय ना," मी म्हटलं.