चैत्रातलं बाळ पौषात

वडप्याच्या गोडाऊनमध्ये मी रिटर्न सेक्शनला आहे. लोकांनी ऑनलाइन मागवून नको म्हणून परत पाठवलेला माल आमच्या टेबलावर येतो. साडी फिकी निघाली, चप्पल घट्ट होते, मिक्सर आवाज करतो. माल तपासून पुढे जातो, पण तो तपासताना झालेल्या गप्पा कुठेच जात नाहीत, आमच्याकडेच साठत राहतात. यंदाच्या थंडीत तर साठा फारच झाला, आणि सगळे किस्से एकाच विषयावरचे, माझ्या भावाच्या तिसऱ्या बाळाचं नाव काय ठेवायचं. नाव ठेवणं आत्याचं काम, आणि एकुलती एक आत्या मी.

\* \* \*

भावाची थोरली श्रावणी, श्रावणातली. धाकटा कार्तिक, कार्तिकातला. तिसरं चैत्रात होणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी डोक्याला ताण दिलाच नाही. मुलगी झाली तर चैत्राली, मुलगा झाला तर चैत्र. डबा खाताना मी हे जाहीर केलं, तर आमचा सुपरवायझर निलेश म्हणाला, "वंदनाताई, भावाला सांगा, अजून नऊ महिने शिल्लक आहेत. पूर्ण वर्ष काढा, मी कॅलेंडर छापून देतो."

सगळे हसले. मीही हसले. वहिनीला सांगितलं तर तीही हसली, आणि वर मला म्हणाली, "ताई, त्या निलेशलाच एक महिना घरी आणून ठेवते, मग कळेल."

\* \* \*

बाळानं आमचं काही ऐकलं नाही. ते पौषातच आलं, दोन महिने आधी. मुलगा. वजन इतकं कमी की भावानं फोनवर आकडाच सांगितला नाही, नुसतं "काचेत ठेवलंय" म्हणाला.

पौष म्हणजे आमच्याकडे कुणी सोयरीकसुद्धा काढत नाही. त्या महिन्याचं नाव पोराला द्यायचं कसं, आणि बाकी दोघांना महिने देऊन याला वेगळंच काही ठेवलं, तर हा आपला नाहीच असं म्हटल्यासारखं होईल. खरं सांगायचं तर मी नावाची काळजी करत होते कारण दुसऱ्या काळजीकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा निलेशनं कॅलेंडरचा विषय काढला नाही. माझ्या हातात चहा दिला आणि माझ्या टेबलावरची अर्धी पार्सलं उचलून नेली.

\* \* \*

आमच्याकडे फोन गेटवर जमा करावा लागतो. हॉस्पिटलचा फोन आला तर काय, या विचारानं माझे हात चालेनात. सुपरवायझरला फोन आत चालतो, तेव्हा निलेशनं माझाही फोन स्वतःच्या खिशात ठेवला. वाजला की तो धावत यायचा, आणि त्याला धावताना बघून मी हातातलं पार्सल टाकून उठायचे. बहुतेक वेळा फोन असायचा कल्याण रोडला टू बीएचके विकणाऱ्या एका मुलीचा.

तिसऱ्यांदा तिचा आला तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मॅडम, आमचं बाळ काचेत आहे, फ्लॅट कुठे घेऊन बसलात?"

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत पुन्हा तोच नंबर. निलेशनं तोंड वाकडं करून फोन कानाला लावला, आणि मग हळूच माझ्याकडे दिला. पलीकडून ती मुलगी विचारत होती, "फ्लॅटचं राहू दे, पण तुमचं बाळ कसं आहे?"

मी "तसंच आहे" म्हणाले आणि पहिल्यांदाच रडले. तेही फ्लॅट विकणाऱ्या मुलीजवळ.

\* \* \*

माझ्या शेजारच्या टेबलावर सलमा आपा असतात. त्यांचे अब्बा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. आपांचं म्हणणं, भावंडांची नावं जुळवायच्या भानगडीत पडूच नये.

"हमारे यहाँ चार भाई. आसिफ, काशिफ, आतिफ, वासिफ. अब्बा दोपहर को आवाज़ देते, एक जन लूम पे आ जाओ. एक भी नहीं आता था. पकड़ो तो हर एक बोलता, मैं समझा दूसरे को बुलाया."

"मग अब्बा काय करायचे?"

"करना क्या था, मुझे भेजते थे. मेरा नाम अलग था ना."

मी हसले, तसं त्यांनी माझ्या हातातलं पार्सल काढून घेतलं. मी एकाच चपलेच्या जोडीला दोनदा स्टिकर लावले होते. "नाम की फिकर मत कर वंदना," त्या म्हणाल्या. "बच्चा घर आएगा तो नाम भी आ जाएगा." आणि घर आएगा म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

\* \* \*

घरी आईचा वेगळाच हट्ट. "त्याचं नाव दगडू ठेवा. दगडाला काही होत नाही. चांगलं नाव ठेवलं की नजर लागते."

हॉस्पिटलमध्ये हे वहिनीच्या कानावर गेलं आणि ती टाके सांभाळत उठून बसली. "माझ्या लेकराला दगड म्हणायचं नाही. आधीच त्याला सुया कमी टोचल्यात?"

आई एरवी सुनेचं एक ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र ती बाहेर बाकावर येऊन बसली आणि पदरानं चष्मा पुसत राहिली. तो स्वच्छच होता.

\* \* \*

आमच्या गोडाऊनची जमीन भोईरकाकांची. आता तिथं भात नाही, पत्रे आहेत, पण काका रोज सकाळी शेतावर आल्यासारखे चक्कर मारतात. त्यांना कुणीतरी दगडूचं सांगितलं.

"दगडू कशाला?" ते म्हणाले. "आमचे आज्याचा नाव पोशा व्हता. पौषान जल्मला म्हणून पोशा. शंभरी गाठली त्यान. महिन्यान काय वाईट न्हाय पोरी, तुमी उगा घाबरताव."

मला इतका धीर आला की विचारू नका. मी म्हटलं, "काका, ते पण लवकर जन्मले होते का?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "न्हाय," म्हणाले. "तो टायमावर आलता." आणि वज्रेश्वरीला माझ्या नावानं नारळ ठेवतो म्हणून निघून गेले.

\* \* \*

पोरांपासून किती दिवस लपवणार? भावानं काचेतल्या बाळाचा व्हिडिओ आणला, नळ्या दिसणार नाहीत असा. श्रावणीनं बघितला आणि फोन उलटा ठेवला. कार्तिक मात्र दोनदा बघून म्हणाला, "आत्या, हा अजून तयार नाही झाला. ह्याला परत पोटात ठेवा ना, चैत्रात काढू."

हा किस्सा मी गोडाऊनमध्ये सांगितला, हसतील म्हणून. कुणी हसलं नाही.

\* \* \*

त्यानंतरच्या रविवारी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. बाळ श्वास घ्यायला विसरतंय म्हणे. मी पोचले तेव्हा वहिनी काचेपाशी खुर्चीवर होती, पांढरी पडलेली. मशीन वाजलं की तिथली सिस्टर काचेच्या पेटीत हात घालून बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची आणि म्हणायची, "ए बाळा, घे श्वास. घे बघू." तो घ्यायचा. थोड्या वेळानं पुन्हा विसरायचा.

सिस्टर वयानं मोठी, आवाज करडा. सगळा वॉर्ड तिला वचकून होता. ती माझ्याकडे वळली. "ह्याचं नाव काय? पट्टीवर नुसतं आईचं नाव आहे. इथं सगळेच बाळ. हाक कुणाला मारू?"

मी म्हटलं, "अजून बारसं नाही झालं."

"मी बारशाचं नाही विचारत. हाक मारायला नाव पाहिजे."

वहिनीनं माझा हात धरला. "ताई, सांगा तुम्ही. ठेवून टाका."

मला गाऊन घातला, मास्क बांधला, हात दोनदा धुवून घेतले. पेटीला गोल झरोका असतो, त्याच्याशी तोंड नेलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, मागे उभ्या राहून आत्याच्या पाठीत गुद्दे घालणाऱ्या बायका नाहीत. सलमा आपांचं, आईचं, भोईरकाकांचं, सगळ्यांचं डोक्यात फिरत होतं. पण त्या इवल्या छातीकडे बघितलं आणि मला एवढंच वाटलं की ह्यानं तिथपर्यंत यावं. अजून माघ आहे, फाल्गुन आहे, पण यावं.

मी त्याच्या कानाच्या दिशेनं म्हटलं, "कुर्रर्र. चैत्र."

आणि माझ्या पाठीत धपकन एक गुद्दा बसला. चांगला जोरात.

मी वळून बघितलं. सिस्टर पुन्हा हात धुवायला बेसिनकडे निघाली होती.

"बाकीचे बारशाला," ती म्हणाली.