आयेच्या पायात माझे बूट

माझे पाय फताडे आहेत. 'रुंद' हा बुटांच्या दुकानातला सभ्य शब्द. आमच्या पाड्यावर सरळ फताडेच म्हणतात आणि कुणी वाईट वाटून घेत नाही, कारण तिथे सगळ्यांचेच तसे आहेत. डहाणूजवळ, गंजाड गावाच्या आतल्या बाजूला आमचं घर आणि भाताची खाचरं. शाळा संपेपर्यंत पायात काही हवंच असा नियम नव्हता, आणि आवणीच्या दिवसांत तर पोटरीभर चिखलात चप्पल घालून उतरणारं माणूस अजून जन्मायचं आहे. वाकून रोपं लावताना पायाची बोटं आपोआप पसरतात आणि चिखल धरून ठेवतात. माझी लहानपणी पसरली ती कायमचीच.

आता मी तलासरीजवळच्या एका निवासी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शिट्टी वाजवून पोरींना पळवायचं हे माझं काम, आणि चाळिशीला टेकल्यावर स्वतः पळायचं हे माझं वेड. नुसतं पळायचं नाही. आधी समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग लगेच सायकलवर नव्वद किलोमीटर, आणि तिथून उतरून एकवीस किलोमीटर पळायचं, तेही ठरावीक वेळेच्या आत. याला ट्रायथलॉन म्हणतात. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आये म्हणाली, "तीन कामा एका दिवसात? मजुरीला गेलीस तं दोनच करतेस." तिला ते फार काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या घरांत जाऊन तिने ते सांगितलं, आणि सांगताना समुद्र बराच मोठा केला.

पोहायला मी डहाणूला जाते, भरतीची वेळ बघून; ओहोटीला तिथे पोहायचं म्हणजे चिखलात लोळायचं. सायकल हायवेच्या बाजूने, ट्रकवाल्यांचे हॉर्न खात. पळायला कोसबाडचा चढ. हे सगळं माझं मी जमवलं आणि त्याचा मला गर्व आहे. लपवायचं कशाला?

पण पहिल्या शर्यतीत मी पळण्यात मोडले. पोहण्यात पुष्कळांना मागे टाकलं होतं, सायकलवर तर मी हवेत होते. पळायला लागले आणि अर्ध्यातच पायाची बोटं सुन्न झाली, मग जळायला लागली. करंगळीची नखं मांसात रुतली होती. बूट महागातले, बायकांचे, फिकट गुलाबी, टाचेखाली जाड मऊ फोम. डहाणूच्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनीच सुचवले होते. त्या फोमचा काही दोष नव्हता. पुढे बोटांना जागाच नव्हती, आणि मी दुकानात लांबी बघितली, रुंदी बघायला लाजले. फताडे पाय आहेत हे त्या गोऱ्यागोमट्या सेल्समनला कोण सांगणार? शर्यत सोडली. रस्त्याच्या कडेला बसून बूट काढले तेव्हा तळव्यांकडे बघवेना.

पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं. या वेळी शर्यत संपवायचीच होती. नाही संपवली तर सोडून द्यायचं, असंही मी स्वतःला बजावलं होतं, आणि मी स्वतःला बजावलेलं पाळते. त्यामुळे बुटांचा प्रश्न हा नुसता बुटांचा राहिला नव्हता.

मग मी अभ्यासाला लागले. तीन तास सायकल चालवून उतरलं की मांड्या लाकडासारख्या होतात आणि पाय आपटत पडतात; म्हणून खाली जाड फोम हवा. पण नुसता मऊ नको, कारण थकलेला पाय मऊ फोमवर डुगडुगतो. पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतून घेतल्या जातात, ते पाणी शेवटी बुटातच येतं. म्हणून पाणी निथळेल असं वरचं कापड हवं. पाय सुजतात; म्हणून अर्धा नंबर मोठा, आणि बूट बघायला जायचं ते संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय फुगल्यावर. हे मी आता कुणालाही झोपेतही सांगेन.

तलासरीहून वापी जवळ, तिथे मोठं स्पोर्ट्सचं दुकान आहे. मी थेट पुरुषांच्या रॅककडे गेले. सेल्समन मागून धावत आला. "बेन, आ तो जेन्ट्सना छे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझे पायही जेन्ट्सचे आहेत. दाखवा."

अख्खी संध्याकाळ घालवून मी एक जोड घेतला. निळा, पुढून ऐसपैस, जाड पण दमदार. महिनाभर त्याच्यावर पळले. कोसबाडचा चढ-उतार झाला, सायकलवरून उतरून लगेच पळणं झालं, पावसात भिजणं झालं. एक फोड आला नाही. मी ग्रुपमध्ये सगळ्यांना बुटांवर व्याख्यान देत सुटले होते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता दुकानच टाका."

श्रावण संपत आला होता. एका रविवारी लांब पळून आले, बूट पार भिजलेले. पडवीत कागद कोंबून ठेवले आणि झोपले. सकाळी पुन्हा पळायचं होतं, हे आयेला ठाऊक होतं.

आमच्या घरी चुलीच्या वर बांबूच्या कामट्यांचा माळा आहे. पावसाळ्यात जे म्हणून सुकवायचं ते तिथे जातं: पुढच्या वर्षाचं बियाणं, सुके बोंबील, ओल्या टोपल्या, कधी माझी शाळेची छत्रीसुद्धा. खालून ऊब, वरून धूर, कीड नाही, बुरशी नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय आणि त्यात कधी काही बिघडलेलं नाही. आयेने माझे बूट तिथे ठेवले, आणि पोरीला सकाळी कोरडे मिळावेत म्हणून चुलीत दोन लाकडं जास्त घातली.

सकाळी बूट कोरडे ठणठणीत होते. फोम मात्र भाजला होता. डावा तर बरोबर विस्तवाच्या वर होता, त्याचा तळवा आक्रसून वर वळला होता, चपातीची कड वळते तसा. अंगठा दाबून बघितला, लाकूड.

माझा आवाज आमच्या पाड्यात प्रसिद्ध आहे, शिट्टी नसली तरी चालते. "आये! हे काय बोंबील आहेत?"

ती चुलीपाशीच होती. बूट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "माना वाटलां, ओले कसे घालशील," एवढंच म्हणाली. मग बूट परत देत, "चामडां असां नाय होत."

"चामडं नाही ते. फोम आहे."

"माना काय ठाव, तुमचा फोम." तिचा चेहरा एवढासा झाला. पोरगी आता शर्यत पुरी करणार असं तिने कुणाकुणाला सांगितलं होतं, ते मला माहीत होतं.

वापीच्या दुकानात फोन केला. तो जोड आता येत नाही, नवीन मॉडेल आलंय, ते वेगळं आहे. शर्यत तोंडावर. नवीन बूट पायात बसवायलाही दिवस लागतात. शनिवारी शाळेतून परस्पर जाते म्हटलं, तर आये म्हणाली, "मी बी येते. माझ्याच हातानं गेले ना."

"तू येऊन काय करशील?"

"बसेन."

आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात फूल घालून. दुकानाच्या दारात चप्पल काढायला लागली, तिला आत ओढून आणावं लागलं.

माझ्यासमोर दोन जोड राहिले. एक नव्या मॉडेलचा, डॉक्टरांनी सुचवलेला, उंच, ढगासारखा मऊ, हातात घेतला तर वजनच नाही. तो घालून मला पंख फुटल्यासारखं वाटत होतं. दुसरा जरा जड, दिसायला ठोकळा, खालचा तळ रुंद. मन पहिल्यावर गेलं होतं. दोन्ही घालून दुकानाभोवती पळून आले, मोबाईलवर स्वतःचं शूटिंगही केलं. पण शूटिंग चालू आहे म्हटलं की आपण शहाण्यासारखं पळतो. दोन्हींत मी अगदी छान दिसत होते.

आये बाकावर बसून ते ढगाचे बूट कुरवाळत होती. मी सहज म्हटलं, "घालून बघ." ती नाही नाही म्हणत होती, पण हात सोडत नव्हती. सेल्समन मजेत होता. "बेसो, माजी," म्हणत त्याने तिच्या पायात बूट चढवले आणि नाड्या बांधल्या. पाय माझ्या मापाचेच, फताडेच, बूट चपखल बसले. सत्तरीकडे झुकलेल्या माझ्या आईने जन्मात पहिल्यांदा बूट घातले आणि लुगडं जरा वर धरून ती त्या चकचकीत लाद्यांवरून चालत निघाली.

आमच्याकडे बांधावरून आये येत असली तर लोक माझ्या नावाने हाक मारतात, आणि मी येत असले तर तिच्या. दोघींची चाल एक. मी हे आयुष्यभर ऐकत आले होते. आता मी तिच्या मागे बाकावर बसले होते आणि ती माझ्यासमोर पाठमोरी चालत होती, कुणी बघतंय याचं तिला भान नव्हतं. प्रत्येक पावलाला तिची टाच त्या मऊ फोमवर आत कलंडत होती. डावी जास्त. घोटा आतल्या बाजूला झुकायचा आणि मग सावरायचा.

स्वतःची टाच मागून कधी दिसत नाही. मला माझी दिसली.

"आये, थांब. आता हे घाल." ठोकळा चढवला. तीच चाल, तेच लुगडं, आणि टाच सरळ. खुंटीसारखी. मी तिला तीनदा जायला-यायला लावलं. ती लाजून लाल. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत म्हटलं.

"कसे वाटतात?" मी विचारलं.

"ते पयले होते ना, त्यात पडल्यासारखां व्हतां," ती म्हणाली. "ह्यांत उभां राहता येतां."

मी ठोकळा घेतला.

शर्यतीला ती आली. रेल्वेने रात्रभर प्रवास करून, भाकरी बांधून घेऊन. पहाटे पाण्यात उतरले तेव्हा ती किनाऱ्यावर उभी होती, तिने समुद्राला हात जोडले. पोहणं झालं, सायकल झाली. मग मी ते बूट चढवले.

एकवीस किलोमीटर काही गंमत नाही. ऊन होतं, मांड्या बोलत होत्या. जिथे गेल्या वेळी मी कडेला बसले होते तेवढं अंतर आलं आणि मी बोटं हलवून बघितली. हलत होती. बुटात पाणी पचपचत होतं, पाय सुजले होते, आणि तरी दहाही बोटं आपापल्या जागी पसरून बसली होती. तिथून पुढे मी माणसं मोजायचं सोडून दिलं. माझ्याहून तरुण, पातळ अंगाच्या, शहरातून आलेल्या कितीतरी जणी चालायला लागल्या होत्या. मी चालले नाही. शेवटच्या वळणावर मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. वेळ संपायच्या बऱ्याच आधी मी शर्यत संपते त्या कमानीखालून पळत गेले, आणि माझ्या आयुष्यात मला माझ्या अंगाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आये कठड्याशी उभी होती. मिठी नाही, काही नाही. तिने मला खाली बसवलं आणि स्वतःही बसली. "पाय दाखव पयलां." बूट काढले, मोजे सोलले, एकेक बोट बाजूला करून बघितलं, तळवे उलटे करून बघितले. कुठे फोड नाही, रक्त नाही. मग बाटलीतलं पाणी हळूहळू माझ्या पायांवर ओतलं. मी पाय मागे घ्यायला लागले तर तिने घोटा घट्ट धरून ठेवला.

डॉक्टरही शर्यतीत होते; ते माझ्या आधीच पोचले होते, गळ्यात मेडल घालून लंगडत आले. अभिनंदन केलं, आणि खाली पडलेल्या बुटांकडे बघून विचारलं, "मॅडम, हे कुणाच्या सल्ल्याने घेतलेत? मी तर ते दुसरे सुचवले होते."

मी तोंड उघडायच्या आत आये म्हणाली, "माझ्या पसंतीचे हायत. घालून बघितले मीनी."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

"हसू नका," मी म्हटलं. "ही माझी आई. मी हिच्यासारखी चालते."