पॅकिंग शेडचं मागचं दार

परवा सुनेने फरशी पुसायला नवं औषध आणलं. तिने बाटली उघडली, अमोनियाचा झणझणीत वास आला आणि मी थेट मुलुंडच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात पोचले. ऐंशीच्या दशकात नकाशांच्या निळ्या प्रती अमोनियावर निघायच्या. दिवसभर डोळे चुरचुरायचे.

नव्या पॅकिंग शेडचा नकाशा माझ्याकडे होता. मशीन कुठे बसणार, माल कुठून येणार, पॅकिंगच्या बायका कुठे बसणार, सगळं मीच आखलं होतं. मॅनेजरसाहेबांनी मागच्या दारावर बोट ठेवलं.

"हे काढून टाका. बायका इथून माल पळवतील. त्यापेक्षा तिथे खोके रचू."

"आग लागली तर एवढ्या बायका एका दारातून कशा निघतील, सर?"

"बाई, तुम्ही आखायचं काम करा ना."

"तेच करतेय. दार राहील. नको असेल तर दुसऱ्याकडून आखून घ्या, त्यावर माझी सही नसेल."

मी पेन्सिल उचलली आणि दाराची रेघ आणखी ठळक केली. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते.

वरच्या साहेबांनी नकाशा दारासकट मंजूर केला. मला मात्र कायम केलं नाही. तेव्हा मला तो माझा पराभव वाटला होता. आज वाटत नाही. त्या शेडमध्ये आग लागल्याचं कधी ऐकलं नाही. म्हणून दार फुकट गेलं असं कुणी म्हणालंच, तर त्याला समोर बसवून मी पुन्हा तेच सांगेन. दार राहील.