टब, शॉवर आणि आईंची कडी

घरात बाथरूमचं काम काढलं की दोन गोष्टी साठतात. एक फोडलेल्या लाद्यांचा ढीग आणि दुसरे किस्से! लाद्या टेम्पोवाला घेऊन गेला. किस्से मात्र इथेच राहिलेत, आणि कोणी आलं की एकेक बाहेर पडतात. तुम्ही आलाच आहात तर बसा. चहा टाकलाय.

* * *

सुरुवात आमच्या सासूबाईंपासून. आईंनी ऐंशी ओलांडली, पण आंघोळीचा नेम ठरलेला. गरम पाण्याचं घंगाळ, तांब्या आणि दाराला आतून पितळी कडी. शिमग्याच्या आधी एका सकाळी न्हाणीत धप्पकन आवाज झाला. जुनी न्हाणी, गुळगुळीत झालेली फरशी. आम्ही दोघं धावलो, तर दार बंद!

"आई, लागलं का? कडी काढ!" हे ओरडले.

"लागलं नाही रे. खाली बसल्ये."

"मग कडी काढ ना!"

"आधी लुगडं नेसत्ये. घाई कसली आहे?"

नऊवारी ते! निऱ्या मनासारख्या झाल्या तेव्हा दार उघडलं. आईंना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण यांना मात्र बीपीची गोळी द्यावी लागली!

* * *

डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, यापुढे कडी लावायची नाही. सूनबाईंना आत घ्यायचं."

आईंनी विचारलं, "तुम्ही आंघोळीला जाता तेव्हा कडी लावता?"

"लावतो."

"आत कोणाला घेता?"

डॉक्टर हसायला लागले. मीही हसले. रिक्षात मात्र आई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अगो सुनीते, दुसऱ्याने आंघोळ घालायची वेळ आली की मग काही उरत नाही गो. माझी मला करू दे."

तेव्हा त्या हसत नव्हत्या. मी ठरवलं, न्हाणी नवी करायची, घसरायची भीती घालवायची, पण आईंची कडी ठेवायची.

* * *

आता नव्या बाथरूममध्ये काय बसवायचं? आमचा मुलगा निखिल ठाण्याला असतो. तो म्हणाला, शॉवर. हे म्हणाले, टब! ऑफिसातल्या मित्रांबरोबर हे एकदा गोव्याला गेले होते. तिथल्या हॉटेलात टब होता. तेव्हापासून तो यांच्या डोक्यात बसला होता.

फोन स्पीकरवर होता. "अरे, टबात पडून राहिलं की गुडघे कसे मोकळे होतात. आईलाही बरं. पडल्या पडल्या आंघोळ!"

आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडल्या पडल्या आंघोळ एकदाच घालतात रे बाळा. तिला अजून वेळ आहे."

तिकडे निखिलने घाईने फोन ठेवला. मी गॅसवर काहीही नसताना गॅस बघायला गेले!

* * *

तरी यांचा हट्ट सुटेना. आम्ही तिघं दुकानात गेलो. मालक म्हणाले, "काका, आत बसून बघा. संकोच नको."

हे चपला काढून टबात उतरले, पाय पसरले, डोळे मिटले. चेहरा असा, की जणू गोव्यातच पोचले! पण उठायची वेळ आली तेव्हा गुडघे ऐकेनात. मालक, त्यांचा कामगार आणि मी, तिघांनी ओढलं तेव्हा स्वारी बाहेर आली.

आईंनी मालकांना विचारलं, "ह्याला काढायला तिघं लागली. मला काढायला टबाबरोबर माणसं देता का?"

सगळं दुकान हसलं. त्या रागातच यांनी टब घेतला!

* * *

टब आला तो ऐन मे महिन्यात. तेव्हा रत्नागिरीत कामाला माणूस मिळतो का? सगळे आंब्याच्या मागे. टब मागच्या पडवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर आईंनी त्यात पेंढा पसरून हापूस मांडलेला, वर पुन्हा पेंढा, त्यावर गोणपाट. आंबा पिकवायची आढी अगदी मापात बसली होती!

हे म्हणाले, "आई, हा माझा टब आहे!"

"मग? तुझ्याआधी आंबे झोपले तर बिघडलं काय?"

आठवड्याने प्लंबर सुर्वे आले. गोणपाट उचलून बघितलं. सगळीकडे वास सुटला. म्हणाले, "साहेब, पाइप कुठे जोडू? देठाला?"

"हा आंबा पिकू दे, मग या," आईंनी सांगितलं. सुर्वे पुन्हा आले तेव्हा दुसरा आंबा घातलेला! शेवटी मीच म्हटलं, "सुर्वे, तुम्ही शॉवर बसवून टाका." खाली खरबरीत लाद्या, बसायला कट्टा, धरायला दांडे. आणि दाराला जुनी पितळी कडी.

* * *

आई शॉवरकडे बघून म्हणाल्या, "मी काय झाड आहे, वरून पाणी घालायला?" कट्ट्यावर बसायचं, पण घंगाळ आणि तांब्याच. कडीचं आमच्यात असं ठरलं, की मी दाराबाहेर बसायचं आणि अधूनमधून "आई?" म्हणायचं. त्यांनी आतून "आहे!" म्हणायचं.

एका सकाळी मी "आई?" म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा "आई?" काहीच नाही. दार बडवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. आई नखशिखांत भिजलेल्या, केसांतून पाणी ठिबकतंय, घंगाळ मात्र काठोकाठ तसंच भरलेलं!

"शॉवर घेतलात?"

"छे! मी दांडा धरायला गेल्ये, ते आपलं सुरू झालं."

"मग बंद नाही केलंत?"

"कशाला? त्याचं चाललं होतं, चालू दिलं."

तेव्हापासून त्यांचं ते रोजच चालतं!

* * *

टब अजून आमच्याकडेच आहे. आंब्यानंतर मागच्या अंगणात फणसाखाली गेला. थंडीतल्या एका दुपारी आई खोलीत नव्हत्या. बाथरूममध्ये नाहीत, पडवीत नाहीत. मी हाका मारत मागे गेले. हेही घाबरून माझ्या मागोमाग आले.

"आई?"

"आहे!"

आवाज टबातून आला! कोरड्या टबात उशी घेऊन, पाय पसरून, उन्हात आई पडलेल्या. हातात फणसपोळीचा तुकडा. जवळ ना स्टूल, ना पाट, ना कोणी माणूस.

हे बघतच राहिले. "आई, तू आत उतरलीस कशी?" म्हणत पुढे झाले.

आईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तिथेच थांब," त्या म्हणाल्या. "कडी लावल्ये मी!"