तांडेलाची पाठ आणि साडेसातचं पाणी

“पानी भरतंय रे! पिक्चर लाव, शेठ! पिक्चर लाव!”

खालच्या रांगांतून एकदम पन्नास गळे सुटले. आमच्या थेटराला वर पत्रा आहे. त्याखाली पन्नास कोळी ओरडले की आवाज पत्र्याला आपटून परत खाली येतो, म्हणजे हिशेबाने शंभर झाले. रस्त्यापलीकडची म्हैस त्या दिवसापासून दूध कमी देते, असं तिचा मालक अजून मला चारचौघांत ऐकवतो.

आणि या शंभरांना वर बाल्कनीतून एकटी तांडेलीण, आमच्या तांडेलाची बायको, पुरून उरत होती. “हात तर लाव मशीनला! माझा म्हातारा हाय तो! तोंड दिसल्याबिगर बंद केलास तर गाठ माझ्याशी हाय!”

मी मधल्या जिन्यात. एक पाय मशीनच्या खोलीकडे, एक पाय घराकडे. पडद्यावर काय चाललं होतं म्हणाल, तर काही नाही. शपथेवर सांगतो, काही नाही. एक म्हातारा किनाऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि समुद्र बघत होता. मी मघाशी लघवीला गेलो तेव्हाही बघत होता. परत आलो, वाटेत एकाशी भांडलो, दोन बल्ब बदलले, तरी बघतच होता.

याला शॉर्ट फिल्म म्हणतात.

आता पाणी भरण्याचा आणि पिक्चरचा संबंध काय, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून स्कूटरवर अर्ध्या तासावर, एका खाडीच्या तोंडाशी आहे. खाडीत गाळ इतका, की होड्या फक्त भरतीला हलतात. बाकीच्या वेळी त्या चिखलात रुसलेल्या जावयासारख्या बसून असतात. म्हणून माझ्या वडिलांनी थेटर बांधलं तेव्हापासून आमचा पिक्चर घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. फाटकापाशी फळा आहे. शहरातला थेटरवाला फळ्यावर हिरॉइनचं नाव लिहील. मी खडूने लिहितो, ‘आज पाणी साडेसात. पिक्चर त्याआधी सुटेल.’ हा शब्द आमच्या घराण्याने कधी मोडला नव्हता.

रिळांच्या काळात ते सोपं होतं. पिक्चर लांब असला की वडील एखादं गाणं आणि आईचं एखादं रडणं काढून ठेवत. एकदा घाईत हिरोचं लग्नच काढलं. शेवटी त्याच्या मांडीवर मूल दिसलं, तेव्हा कोळणींनी वडिलांना महिनाभर बाजारात धरून जाब विचारला. आता पिक्चर सॅटेलाइटने, आकाशातून कुलूपबंद येतो. कापायची सोय नाही. मग मी जाहिराती गाळतो आणि मध्यंतर एवढंसं ठेवतो, की बायको वडे खुर्चीत नेऊन देते.

कोळीवाडा हेच माझं गिऱ्हाईक. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते, जाळी सुकत पडतात, तेव्हा माणसं थेटरात येतात. भांग सरला की होड्या बाहेर आणि थेटर रिकामं. कोळीवाडा आहे म्हणून पडदा आहे. धाकटा भाऊ तो पडदा उतरायचीच वाट बघतोय. त्याला तिथं लग्नाचा हॉल काढायचाय. गणपतीला पनवेलहून येतो आणि आरती संपायच्या आत टेप घेऊन थेटर मोजायला जातो. “पडदा काढला की स्टेज तयारच आहे, दादा.” पडदा काढला की! जशी काही दोरीवरची लुंगी काढायची आहे.

तर शॉर्ट फिल्म. तिच्याविषयी आम्हा किनाऱ्यावरच्या थेटरवाल्यांचं मत एकच आहे आणि ते छापता येत नाही. छापण्यासारखं तेवढं सांगतो. उरणला माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे सगळे कंटेनरवाले ड्रायव्हर. त्याने भिडेखातर एकदा लावली. शॉर्ट फिल्म संपते तेव्हा पडदा काळा होतो. संपली की वीज गेली, हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या, “जनरेटर चालू कर बे!” दोस्त इतका गडबडला, की त्याने खरंच चालू केला. अजून फोनवर शिव्या देतो, “काळोख दाखवायला डिझेल जाळलं मी!” दक्षिणेकडच्या खाडीवर एक चाचा आहेत, त्यांच्याकडे आखातातून सुट्टीवर आलेली पोरं येतात. त्यांच्या वाट्याला आली त्यात एक रिकामी खुर्ची होती. नुसती खुर्ची. चाचा म्हणाले, “या अल्ला, रिकाम्या खुर्च्या बघायला मी थेटर उघडतो होय? त्या तर रोज फुकट बघतो.”

माझं मत विचाराल, तर शॉर्ट फिल्म म्हणजे असा पाहुणा, जो घरी येतो, चहा घेत नाही, बोलत नाही, खिडकीतून बाहेर बघत बसतो आणि जाताना विचारतो, “कसं वाटलं?”

मग लावली कशाला? तेच सांगतोय.

एक मुंबईची बाई नागावला होमस्टेमध्ये येऊन राहिली होती. दिग्दर्शिका. तिने आमच्या तांडेलाला पकडलं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. पण आमच्या तांडेलाचा शब्द एका होडीपुरता नाही, अख्खा कोळीवाडा त्याच्याकडे बघून उठतो-बसतो. त्याला तिने रोज पहाटे किनाऱ्यावर बसवलं आणि मागून शूटिंग केलं. मग माझ्याकडे आली. “काका, मला ही फिल्म याच लोकांच्या थेटरात, याच लोकांबरोबर बघायचीय.” मी म्हटलं, “बाई, आमचा परवाना करमणुकीचा आहे.” ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

दुसऱ्या दिवशी तांडेलीण वड्याच्या काउंटरवर हजर. मानेपर्यंत सोनं, अंबाड्यात अबोली. “शेठ, म्हातारा पिक्चरमधी हाय. कवा लावतोस?” लावतोस का, असं नाही. कवा. या बाईला नाही म्हणणारा माणूस अजून आमच्या तालुक्यात जन्मला नाही. जन्मला असेल तर तो बाजारात मासळी घेत नसणार.

मी दिग्दर्शिकेला विचारलं, “किती लांब?”

“बारा मिनिटं, काका.”

बारा मिनिटं म्हणजे मी गाळतो त्या जाहिरातींची जागा. आणि माझ्या डोक्यात लगेच दुसरा किडा वळवळला. आमची माणसं पहिली पंधरा मिनिटं वड्यांभोवतीच असतात. हिरोची एन्ट्री झाली की मग आत धावतात. म्हणजे शॉर्ट फिल्म रिकाम्या खुर्च्या बघणार, दिग्दर्शिका खूश, तांडेलीण खूश, गिऱ्हाईक शाबूत. मी स्वतःवर इतका खूश झालो, की रात्री बायकोला उगीच आईस्क्रीम आणलं.

शनिवार होता, तिथी दशमी. भांग सरला होता आणि साडेसातच्या पाण्याला होड्या पहिल्यांदा बाहेर पडायच्या होत्या. दशमीचं पाणी अंगाने कमी, भरतं जेमतेम आणि उतरतं लगेच. चुकलं की रात्र गेली. मी फळा लिहिला आणि मान वर केली, तर समोरून अख्खा कोळीवाडा येताना दिसला. अर्धा तास आधी! बायकांनी लग्नातल्या साड्या काढलेल्या. खुद्द तांडेल गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या शर्टात. सगळे सरळ आत. तांडेल तिसऱ्या रांगेत कडेला बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बायको काउंटरवरून म्हणाली, “अहो, एकही वडा गेला नाही. आज काहीतरी वाईट होणार.”

फिल्म सुरू झाली. पाठ आली. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. “तांडेल! तांडेल!” मग सगळे तो वळायची वाट बघू लागले. तो वळेना. बारा मिनिटं झाली तरी वळेना. मी बाल्कनीत दिग्दर्शिकेकडे गेलो. “बाई, बारा झाली.”

“काका, नवीन एडिट आहे. फिल्मला श्वास घ्यायला जागा दिली.”

“किती जागा?”

“पस्तीस मिनिटं.”

खाली आता सुरू झालंच होतं. “अरे वळ की म्हाताऱ्या!” “झोपला काय बसल्या बसल्या?” “मागनं हाक मारा त्याला!” एकाने खरंच पडद्याकडे बघून बोंब ठोकली, “ओ तांडेल!” आणि तिसऱ्या रांगेतून खरा तांडेल म्हणाला, “ओ.”

मग “पानी भरतंय” सुरू झालं आणि मी जिन्यात अडकलो तो असा. खालचे म्हणतात बंद कर, वरची म्हणते हात लावू नको. मी मधे सँडविच. शेवटी पडद्यावर एक लाट आली, गेली, आणि काळोख. मग इंग्रजीत नावं. त्यात पाठीच्या मालकाचं नाव शेवटून दुसरं.

वरून तांडेलीण शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की कुत्रीही शेपूट घालतात, “तोंड कुठं हाय?”

दिग्दर्शिका उठली. डोळ्यांत पाणी वगैरे. “मावशी, त्यांच्या पाठीत सगळा समुद्र आहे.”

“आनि तोंडात काय हाय? ते कवा दावशील?”

आमच्या थेटरात हिरोला इतक्या टाळ्या कधी पडल्या नाहीत. टाळ्या थांबेनात, तांडेलीण थांबेना, दिग्दर्शिका समजावणं थांबवेना, आणि मी ओरडत होतो, “बायांनो, पाणी!”

पिक्चर लावला तेव्हा माझ्या शर्टाचा रंग घामाने बदललेला होता. मध्यंतर पार गाळलं. वडे उडवून खुर्च्यांत टाकले. तरी पिक्चर सुटायच्या वेळेला व्हिलनने हिरोच्या बहिणीला धरणाच्या कठड्यावरून उलटं लटकवलेलं. आता उठायचं तर तांडेलाने आधी उठायचं, ही कोळीवाड्याची शिस्त. सगळ्यांच्या माना एकदा पडद्याकडे, एकदा तिसऱ्या रांगेकडे. तांडेल हलेना. मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, “तांडेल, पाणी.”

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “बस खाली. मागच्यांना दिसत न्हाय.”

व्हिलन मेला आणि थेटर फुटलं. माणसं अशी धावली, की अर्ध्या गावाच्या चपला माझ्याकडेच राहिल्या. मीही मागून धावलो. खाडीवर पोचलो तेव्हा पाणी फिरलं होतं. पलीकडच्या गावच्या होड्या केव्हाच बाहेर गेलेल्या, लांब समुद्रात त्यांचे दिवे दिसत होते. आमच्या होड्या एका कुशीवर कलंडून चिखलात. पोरांनी खांदे लावले, होड्या हलल्या नाहीत. तांडेल पांढऱ्या शर्टात मांडीपर्यंत चिखलात उभा होता आणि कुणी त्याला काही बोलत नव्हतं. सगळे मलाच बोलत होते. बायकांनी माझ्या वरच्या तीन आणि खालच्या चार पिढ्या धुतल्या. एकीने शाप दिला, तुझ्या थेटरात वाघळं पोरं घालतील. मी म्हणणार होतो की ती घालतातच. पण वेळ बरी नव्हती.

दिग्दर्शिकेची गाडी तोवर नागावलाही राहिली नव्हती.

पुढच्या भांगाला मी फळा लिहिला. कुणी आलं नाही. म्हणजे नागावहून एक जोडपं आलं, उन्हातून सावलीला, आणि एक कुत्रा आला. कुत्रा मध्यंतरात गेला. त्याच्या पुढच्या भांगाला जोडपंही नाही. कोळीवाड्याने थेटराचं नाव टाकलं होतं. ज्या फळ्यावर तीस-पस्तीस वर्षं डोळे मिटून भरोसा ठेवला, तो फळा खोटा पडला होता. धाकट्याला कुठून वास लागला देव जाणे, गणपती नसताना टेप घेऊन आला. त्याने स्टेज मोजलं, मांडव मोजला, जेवणाच्या पंगती मोजल्या. मी पडद्यामागे उभा राहून ऐकत होतो.

शेवटी बायकोने एका कागदात गरम वडे बांधून दिले आणि म्हणाली, “जा. तोंड घेऊन जा, पाठ दाखवू नका.”

तांडेल किनाऱ्यावर बसला होता. माझ्याकडे पाठ. समोर समुद्र. तसाच, अगदी तसाच, फ्रेमसुद्धा हलली नव्हती. मी त्याच्या मागे वाळूत बसलो. तो वळेल म्हणून वाट बघितली. पुष्कळ बघितली. आयुष्यात मी दुसऱ्यांदा ती शॉर्ट फिल्म बघत होतो, आणि या वेळी बंद करायला मशीनही नव्हतं.

शेवटी हात लांब करून वडे त्याच्या बाजूला ठेवले. म्हटलं, “तांडेल, पुन्हा नाही लावणार. आईची शपथ. फळ्यावर लिहीन तेव्हाच सोडीन.”

त्याने एक वडा उचलला. सावकाश खाल्ला. मग दुसरा.

“कोळीवाडा येणार नसेल तर संपलंच. धाकटा पडदा उतरवायला बसलाय. लग्नाचा हॉल करतो म्हणतोय. तुम्हीच सांगा, तांडेल, करू का हॉल?”

त्याने बोटांचं तेल वाळूला पुसलं. वळला नाही.

“कर,” म्हणाला. “पन पान्याची येळ बघून मुहूर्त काढ.”