परतीची तारीख

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या लायब्ररीत काउंटरवर नागपूरचे एक काका बसत. शिक्का मारण्याआधी ते त्यावर तोंडाची वाफ सोडत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. परतीच्या तारखेबाबत मात्र माणूस भलताच कडक. एक दिवस वाढवून मागितला तरी म्हणत, "रूल इज रूल."

२००१च्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. त्याच आठवड्यात मी एक जुनी अमेरिकन कादंबरी घेतली, कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेल्या एका कुटुंबाची.

"एवढी जुनी, तरी लोक वाचतात?"

काकांनी आतली तारखांची चिठ्ठी दाखवली. आधीच्या वर्षांचे तुरळक शिक्के, यंदाचे मात्र एकाखाली एक सात.

"लेऑफ सुरू झाले की हिला डिमांड येते बाप्पा."

त्यांनी शिक्क्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख लावली.

मी म्हणालो, "काका, तोवर मी इथे असेन की नाही, माहीत नाही. नोकरीबरोबर व्हिसाही जातो."

त्यांनी वर पाहिलं नाही. शिक्क्याचं चाक अंगठ्याने फिरवत डिसेंबरपर्यंत नेलं, वाफ सोडली आणि शिक्का मारला.

"जाड आहे," ते म्हणाले. "घाईत नको वाचू."