कड्यावर थांबलेली ताई

ताई गेल्याचा फोन तिच्या ऑफिसातल्या एका बाईंचा आला. नव्या रायपुरात संध्याकाळच्या बसची वाट पाहत ती थांब्यावर बसली होती. बस आली, तरी उठली नाही. आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, कुणाला त्रास न देता गेली. मी मान हलवते. त्रास देणं तिला कधी जमलंच नाही... ते काम माझ्याकडे होतं.

बाबा वारले तेव्हा ताई एकवीस वर्षांची होती. त्यांच्या जागी ती नोकरीला लागली, मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं राहून गेलं. रायपूरबाहेर नवीन राजधानी वसली, तिचं ऑफिस तिकडे पार लांब गेलं. तरी बस पकडण्याआधी अर्धा तास ती तेलीबांध्याच्या तलावाकाठी पाखरं पाहायची. समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता. एका नाताळच्या सुट्टीत आम्ही तिला कोकणात नेलं. नेलं म्हणते, पण वर्षभर आधीपासून सगळं तिनेच ठरवलं होतं.

गावाबाहेरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, कड्याच्या टोकापर्यंत पायवाट होती. मी, माझे यजमान, आमची मुलगी मिनू, आणि सगळ्यांच्या पुढे ताई. खाली खडकांवर कुरव पक्ष्यांचा थवा बसलेला, लांब पाण्यात डॉल्फिनच्या पाठी वर-खाली होत होत्या. ताई एकेक मिनूला दाखवत होती. मग एका उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं दिसलं. गरुड पायात साप धरून आला आणि घरट्यातून पिल्लाने मान वर काढली. ताई तिथेच बसली. "जोडीतला दुसरा येईपर्यंत थांबू," म्हणाली.

पाऊण तास झाला. ऊन चढलं, खानावळीत जेवण सांगून ठेवलं होतं. "ताई, पाखरं तर तेलीबांध्यालेही आहेत," हे म्हणाले. ती हसली. "थोडं थांबा नं. मले पुन्हा कधी येणं होते?" त्यावर मी बोलले... "तुले घरदार नाही, म्हणून तुले जमते. आम्ही काहून दिवसभर उन्हात बसून राहायचं?"

ताईने हातातली पाखरांच्या नोंदींची वही मिटली. "चाला," एवढंच म्हणाली आणि उतारावर आमच्या पुढे चालू लागली. मिनूने मागे पाहून सांगितलं, "मौसी, दूसरा वाला आ गया।" ताईने वळून पाहिलं नाही.

त्या दिवसाचा विषय तिने कधीच काढला नाही. दर दिवाळीनंतर फक्त विचारायची, "यंदा जाऊन येऊ काय गं?" कधी मिनूची परीक्षा असायची, कधी यांची बदली, कधी नुसताच माझा कंटाळा. माफी त्या कड्यावरच मागू, असं मनाशी ठरवलं होतं. म्हणजे मागायचीच राहिली.

परवा मिनूला घेऊन तिची खोली आवरायला गेले. कपाटाच्या तळाशी बुटांचे दोन खोके होते. खडकाळ वाटेवर घसरू नयेत असे, जाड तळव्यांचे बूट. एकालाही मातीचा कण लागलेला नव्हता. एक जोड पाच नंबरचा, तिच्या मापाचा. दुसरा सातचा. मी मिनूकडे पाहिलं.

"आपके लिए लिए थे मौसी ने," ती म्हणाली. "बोली थी, तेरी माँ चलने को हाँ बोलेगी, तब देंगे।"

मिनू बाहेर गेल्यावर मी ते बूट पायात घातले. अगदी बरोबर बसले.